मूलद्रव्य खडकात कुठे जाऊन बसतं? व्हिक्टर गोल्डश्मिट यांचं आयुष्य आणि काम

पृथ्वीच्या कवचात गॅलियम जवळजवळ शिशाइतकंच आहे. दोन्हींचं प्रमाण दर दहा लाख भागांत साधारण पंधरा-वीस भागांच्या घरात. तरी शिशाच्या खाणी जगभर आहेत आणि निव्वळ गॅलियमसाठी चालणारी खाण शोधूनही सापडत नाही. गॅलियम मिळतं ते बॉक्साइट या ॲल्युमिनियमच्या धातुकापासून ॲल्युमिना काढताना, जोडउत्पादन म्हणून. शिसं मात्र गंधकाशी जोडी जमवून गॅलेना हे स्वतःचं खनिज तयार करतं, तेही एका जागी, शिरांमध्ये साचून.

हा फरक का पडतो? गॅलियमचा आयन (विद्युतभार असलेला अणू) आकाराने आणि विद्युतभाराने ॲल्युमिनियमच्या आयनाच्या इतका जवळचा आहे, की ॲल्युमिनियमच्या प्रत्येक खनिजात त्याला थोडी थोडी जागा मिळते आणि तो सगळीकडे विखुरला जातो. शिशाला गंधकाची ओढ जास्त, म्हणून ते एका जागी साचू शकतं. कोणतं मूलद्रव्य कुठे साठेल, कुठे विरून जाईल आणि का, या प्रश्नाचं पहिलं पद्धतशीर उत्तर नॉर्वेच्या व्हिक्टर मोरिट्झ गोल्डश्मिट यांनी दिलं. त्यांना आधुनिक भूरसायनशास्त्राचे जनक म्हणतात. त्यांच्या कामाची यादी वाचली तर ते चार-पाच वेगळ्या शास्त्रज्ञांचं वाटतं: रूपांतरित (उष्णता-दाबाने बदललेले) खडक, उल्का, क्ष-किरणांनी स्फटिकांची मोजमापं, भट्टीच्या विटा, मातीतली पोषकद्रव्यं. पण मुळात प्रश्न एकच होता आणि तो धरून वाचलं की सगळं सलग लागतं.

गोल्डश्मिट यांचा जन्म २७ जानेवारी १८८८ रोजी झ्युरिकमध्ये, प्रागहून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. वडील हाइनरिख हे रसायनशास्त्रज्ञ. नोकरीमागे कुटुंब ॲम्स्टरडॅम, हायडेलबर्ग असं फिरत १९०१ मध्ये क्रिस्तियानियाला, म्हणजे आजच्या ऑस्लोला आलं. वडिलांना तिथल्या विद्यापीठात रसायनशास्त्राचं अध्यासन मिळालं होतं. १९०५ मध्ये कुटुंबाला नॉर्वेचं नागरिकत्व मिळालं आणि त्याच वर्षी व्हिक्टरने विद्यापीठात प्रवेश घेतला. तिथे त्याला वाल्डेमार ब्रॉगर हे भूवैज्ञानिक गुरू म्हणून लाभले. घरात भौतिक रसायनशास्त्र आणि वर्गात खनिजशास्त्र, असा हा योग होता. पुढच्या सगळ्या कामाचं मूळ मला या जोडीत दिसतं. त्या काळचे बहुतेक भूवैज्ञानिक खडकांची वर्णनं करत, नावं देत, नकाशे काढत. अभिक्रियांच्या समतोलाचं गणित खडकाला लावायची सवय फार थोड्यांना होती.

भाजलेल्या खडकांचं गणित

ऑस्लोच्या परिसरात कॅम्ब्रियन ते सिल्युरियन काळातले शेल आणि चुनखडीचे थर आहेत. सुमारे २८ ते ३० कोटी वर्षांपूर्वी त्यांच्यात खालून शिलारस घुसला आणि लगतचे थर भाजून निघाले. अशा भाजलेल्या, बारीक दाण्याच्या, कठीण खडकाला हॉर्नफेल्स म्हणतात. ऑस्लोच्या भागातली खास सोय अशी, की मूळ थर शुद्ध चिकणमातीपासून शुद्ध चुनखडीपर्यंत सगळ्या मिश्रणांचे होते आणि शिलारसाच्या अगदी कडेला ते सारे साधारण सारख्याच तापमानाला भाजले गेले. म्हणजे तापमान स्थिर आणि रासायनिक घडण बदलती, असा तयार प्रयोगच निसर्गाने मांडून ठेवला होता.

१९११ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, गोल्डश्मिट यांनी या खडकांवर पाचशेच्या आसपास पानांचा प्रबंध प्रसिद्ध केला. त्यातली मुख्य गोष्ट म्हणजे गिब्ज यांच्या प्रावस्था नियमाचा खडकांसाठी केलेला वापर. मूळ नियम असा: बदलता येणाऱ्या अटींची संख्या म्हणजे घटकांची संख्या वजा प्रावस्थांची संख्या अधिक दोन. प्रावस्था म्हणजे मिश्रणातला स्वतंत्र ओळखता येणारा भाग. खडकात प्रत्येक खनिज ही एक प्रावस्था. आता डोंगराच्या पोटात तापमान आणि दाब हे दोन्ही जागोजागी बदलतात, तरी तीच खनिजं मैलभर एकत्र सापडतात. याचा अर्थ निदान दोन अटी मोकळ्या आहेत. समीकरणात दोन घातले, की उरतं ते हे: समतोलात असलेल्या खडकातल्या खनिजांची संख्या घटकांच्या संख्येपेक्षा जास्त असू शकत नाही.

ऑस्लोच्या हॉर्नफेल्समध्ये महत्त्वाचे घटक चार: सिलिका, ॲल्युमिना, चुना आणि मॅग्नेशिया, म्हणजे मॅग्नेशियमचा ऑक्साइड (लोहाचा ऑक्साइड मॅग्नेशियाबरोबरच मोजायचा). क्वॉर्ट्झ, म्हणजे निव्वळ सिलिका, जवळपास सगळीकडे आहे, म्हणून एक जागा त्याची. उरल्या तीन. त्यामुळे कितीही नमुने गोळा केले तरी क्वॉर्ट्झसोबत या घटकांची जास्तीत जास्त तीनच खनिजं दिसायला हवीत. तशीच ती दिसली. गोल्डश्मिट यांनी दहा वर्ग पाडले. चुना जवळपास नसलेल्या पहिल्या वर्गात अँडालुसाइट आणि कॉर्डिएराइट. चुना वाढत गेला की प्लॅजिओक्लेज येतं, अँडालुसाइट जातं, मग हायपरस्थीन, मग डायोप्साइड, पुढे ग्रॉसुलार गार्नेट आणि दहाव्या वर्गात वोलॅस्टोनाइट. अँडालुसाइट आणि हायपरस्थीन मात्र एकत्र सापडत नाहीत. दोन रेणू हायपरस्थीन, दोन अँडालुसाइट आणि एक क्वॉर्ट्झ मिळून एक कॉर्डिएराइट होतं, म्हणून दोघांपैकी जे कमी असेल ते संपून जातं.

हा नियम आजही खडकाची पातळ चकती काचपट्टीवर तपासताना उपयोगी पडतो, पण मोजणी चुकली की निष्कर्षही चुकतो. खनिजं अपेक्षेपेक्षा जास्त निघाली तर आधी घटकांची गणती पुन्हा करावी. सोडियम, पोटॅशियम किंवा टायटॅनियम विसरलं असेल तर फेल्डस्पार, अभ्रक, इल्मेनाइट ही खनिजं विनाकारण जादा वाटतात. दुसरी शक्यता, खडक थंड होताना पाणी शिरून क्लोराइट किंवा सेरिसाइट नंतर तयार झालं असेल. ते जुन्या समतोलाचा भाग नाही, ते वगळायचं. तिसरी, अभिक्रिया अर्धवट राहिली असेल. कॉर्डिएराइटच्या कड्यात अडकलेला अँडालुसाइटचा कण हे त्याचं नेहमीचं चिन्ह. हे तिन्ही तपासून झाल्यावरच खडक समतोलात नाही असं म्हणावं.

लगोलग, १९१२ मध्ये, त्यांनी कॅल्साइट आणि क्वॉर्ट्झपासून वोलॅस्टोनाइट होण्याची अभिक्रिया हातात घेतली. १०० ग्रॅम कॅल्साइट आणि ६० ग्रॅम क्वॉर्ट्झ पूर्ण जुळले तर ११६ ग्रॅम वोलॅस्टोनाइट आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. वायू सुटतो, म्हणून दाब वाढला की अभिक्रियेला जास्त तापमान लागतं. नर्न्स्ट यांच्या उष्णतेच्या प्रमेयावरून त्यांनी दाब आणि तापमानाच्या आलेखावर ही सीमारेषा गणिताने काढली. रूपांतरित खडकातल्या अभिक्रियेची अशी रेषा काढण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न होता; प्रयोगशाळेत ती नीट मोजली गेली १९५६ मध्ये. इथे एक सावधगिरी हवी: खडकात पाणी असेल तर वायू पातळ होतो आणि वोलॅस्टोनाइट बऱ्याच कमी तापमानाला तयार होतं. म्हणून नुसतं वोलॅस्टोनाइट दिसलं म्हणून तापमानाचा आकडा सांगणं धोक्याचं असतं.

१९१४ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, ते प्राध्यापक आणि खनिजशास्त्र संस्थेचे संचालक झाले. पुढे फिनलंडचे पेंटी एस्कोला त्यांच्याकडे येऊन काम करून गेले, आणि एस्कोला यांची रूपांतरित खडकांच्या संलक्षणींची (सारख्याच तापमान-दाबाला तयार झालेल्या खडकांच्या गटांची) कल्पना याच पायावर उभी राहिली.

उल्का, झोतभट्टी आणि चार गट

पहिल्या महायुद्धात नॉर्वे तटस्थ होता, पण आयात आटली. खतासाठी पोटॅश, धातू, भट्ट्यांसाठी उष्णता सोसणाऱ्या विटा, सगळ्याची चणचण भासू लागली. १९१७ मध्ये सरकारने कच्च्या मालासाठी आयोग नेमला आणि त्याची प्रयोगशाळा गोल्डश्मिट यांच्याकडे सोपवली. देशात अमुक मूलद्रव्य कुठे मिळेल, हे आता थेट विचारलं जात होतं. खाणकामगारांचा अनुभव आणि जुन्या नोंदी यांच्या पलीकडे उत्तर देणारा कोणताही नियम हाताशी नव्हता. युद्ध संपलं तरी हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. १९२३ पासून १९३८ पर्यंत त्यांनी ‘मूलद्रव्यांच्या वाटणीचे नियम’ या अर्थाच्या शीर्षकाखाली जर्मन भाषेत नऊ भागांची शोधमालिका लिहिली.

त्यांनी सुरुवात केली उल्कांपासून. बऱ्याच उल्कांमध्ये तीन भाग स्पष्ट दिसतात: लोह-निकेलचा धातू, लोहाचं सल्फाइड आणि सिलिकेट (सिलिकॉन आणि ऑक्सिजन असलेली खनिजं). तांब्याच्या भट्टीतही वितळलेला माल असाच थरांत वेगळा होतो. खाली धातू, मध्ये सल्फाइडचा थर (भट्टीवाले त्याला मॅट म्हणतात), वर धातुमळी. जर्मनीतल्या मान्सफेल्डच्या तांब्याच्या भट्टीतले हे थर त्यांनी तपासले, उल्कांमधले भाग तपासले आणि कोणतं मूलद्रव्य कोणत्या थरात गोळा होतं ते पाहिलं. त्यातून चार गट निघाले. लोह-धातूबरोबर जाणारी ती सिडेरोफाइल: निकेल, कोबाल्ट, सोनं, प्लॅटिनम, इरिडियम. गंधकाबरोबर जाणारी चॅल्कोफाइल: तांबं, जस्त, शिसं, चांदी, पारा. ऑक्सिजनला धरून सिलिकेटमध्ये राहणारी लिथोफाइल: सिलिकॉन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, टायटॅनियम, युरेनियम, थोरियम. वायुरूपात वर राहणारी ॲटमोफाइल: नायट्रोजन आणि निष्क्रिय वायू.

पाठ्यपुस्तकात हे गट आवर्तसारणीवर चार रंगांत दाखवतात. त्यामुळे एक गैरसमज होतो, की गट म्हणजे मूलद्रव्याचा कायमचा शिक्का. प्रत्यक्षात ही पसंती परिस्थितीवर अवलंबून आहे. पृथ्वीवर लोह मुबलक आहे, म्हणून कसोटी लोहाशी लागते. लोहापेक्षा सहज ऑक्सिजनशी जुळणारं मूलद्रव्य सिलिकेटमध्ये जातं, लोहापेक्षा कमी ओढ असलेलं धातूत उतरतं. ऑक्सिजन फारच कमी असेल तर हेच चित्र उलटतं. काही उल्कांमध्ये चक्क कॅल्शियमचं सल्फाइड सापडतं, कारण तिथे कॅल्शियमला पुरेसा ऑक्सिजनच मिळाला नाही. आणि लोह स्वतः तिन्ही घरांत राहतं: गाभ्यात धातू म्हणून, पायराइटमध्ये सल्फाइड म्हणून, ऑलिव्हीनमध्ये सिलिकेट म्हणून.

या वर्गीकरणाचा एक ठळक उपयोग १९८० मध्ये झाला. इरिडियम सिडेरोफाइल असल्यामुळे पृथ्वीचं जवळपास सगळं इरिडियम गाभ्यात गेलं; कवचात ते दर अब्ज भागांत एका भागाहूनही कमी उरलं. क्रिटेशियस काळाच्या शेवटच्या चिकणमातीच्या पातळ थरात ते एकदम कैक पटींनी वाढलेलं दिसलं, तेव्हा अल्वारेझ पितापुत्र आणि सहकाऱ्यांनी बाहेरून आलेल्या लघुग्रहाचा तर्क मांडला. महाराष्ट्र व्यापणारा दख्खनचा लाव्हा याच सुमाराचा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्या काळच्या जीवसंहारात लघुग्रहाचा वाटा किती आणि या लाव्हाचा किती, हा वाद अजून चालू आहे.

आयनांची त्रिज्या: सगळ्यात मोठी झेप

चार गटांमुळे घर कळतं, खोली कळत नाही. लिथोफाइल मूलद्रव्य सिलिकेटमध्ये जाणार हे ठरलं, पण ऑलिव्हीनमध्ये की फेल्डस्पारमध्ये? रुबिडियम पोटॅशियमच्या मागे का जातं? याचं उत्तर स्फटिकाच्या आतल्या जागांमध्ये होतं, आणि त्या मोजायला क्ष-किरण विवर्तनाचं तंत्र १९१२ नंतर उपलब्ध झालं होतं.

गोल्डश्मिट यांनी टॉम बार्थ, गुलब्रांड लुंडे, विल्यम झकारियासेन, इवार ओफ्तेदाल यांसारखे तरुण सहकारी जमवले आणि झपाट्याने काम केलं. दोनेक वर्षांत सुमारे ७५ मूलद्रव्यांची दोनशेच्या आसपास संयुगं तयार करून त्यांच्या स्फटिकरचना तपासल्या गेल्या. क्ष-किरणांनी दोन आयनांच्या केंद्रांमधलं अंतर मिळतं. त्यातला वाटा कोणाचा किती, हे मिळत नाही. त्यासाठी एका आयनाची त्रिज्या बाहेरून माहीत हवी. फिनलंडच्या वासास्टेर्ना यांनी १९२३ मध्ये प्रकाशीय गुणधर्मांवरून ऑक्सिजनच्या आयनाची त्रिज्या १.३२ आणि फ्लुओरिनची १.३३ अँगस्ट्रॉम काढली होती (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). हे दोन आकडे पाया धरून बाकीचे वजाबाकीने काढत गेले. १९२६ मध्ये पूर्ण कोष्टक छापलं गेलं: सिलिकॉन ०.३९, ॲल्युमिनियम ०.५७, मॅग्नेशियम ०.७८, सोडियम ०.९८, कॅल्शियम १.०६, पोटॅशियम १.३३.

या आकड्यांतून काय मिळतं? ताटात लाडू रचले की मधे पोकळ्या राहतात; ऑक्सिजनचे मोठे आयन तसे रचलेले आहेत आणि लहान धनायन त्या पोकळ्यांत बसतात असं समजा. धनायनाची त्रिज्या भागिले ऑक्सिजनची त्रिज्या हे गुणोत्तर ०.२२५ ते ०.४१४ असेल तर भोवती चार ऑक्सिजन मावतात, ०.४१४ ते ०.७३२ असेल तर सहा, त्याहून जास्त असेल तर आठ आणि एकाच्या आसपास बारा. आता भागाकार करून पाहा. सिलिकॉन: ०.३९ भागिले १.३२, म्हणजे ०.३०, चार शेजारी. मॅग्नेशियम ०.५९, सहा. कॅल्शियम ०.८०, आठ. पोटॅशियम १.०१, बारा. ॲल्युमिनियम ०.४३, अगदी चार आणि सहाच्या सीमेवर. म्हणूनच ॲल्युमिनियम फेल्डस्पारमध्ये सिलिकॉनच्या जागी चार ऑक्सिजनांत बसतं आणि कोरंडममध्ये सहांच्या मधे. सिलिकेट खनिजांचा अर्धा गुंता या एका सीमेवरच्या आकड्याने सुटतो. हे सगळं तीन आकडी भागाकारातून निघतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पुढची पायरी म्हणजे अदलाबदलीचे नियम. हे त्यांनी १९३७ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढच्या व्याख्यानात एकत्र मांडले. एक: त्रिज्या आणि भार सारखे असतील तर दोन आयन स्फटिकात एकमेकांची जागा मोकळेपणाने घेतात, त्रिज्येतला फरक साधारण १५ टक्क्यांपर्यंत चालतो. दोन: भार सारखा पण त्रिज्येत थोडा फरक असेल तर लहान आयन आधी, जास्त तापमानाच्या स्फटिकात जातो. तीन: त्रिज्या सारखी पण भार वेगळा असेल तर जास्त भाराचा आयन आधी जातो.

उदाहरणं पाहा. मॅग्नेशियम ०.७८ आणि दोन भाराचं लोह ०.८३. ऑलिव्हीनमध्ये म्हणूनच आधी मॅग्नेशियमचं प्रमाण जास्त असतं आणि शिलारस थंड होत जाईल तसं लोह वाढतं. झिर्कोनियम आणि हाफ्नियम इतके सारखे, की हाफ्नियम १९२३ पर्यंत झिर्कोनियमच्या झिरकॉन या खनिजात लपूनच राहिलं. त्याचं कारणही गोल्डश्मिट यांच्या गटाच्या मोजणीतून स्पष्ट झालं: लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंत जाताना आयन क्रमाने आकसत जातात, म्हणून पुढच्या हाफ्नियमचा आकार वाढत नाही. या आकुंचनाला १९२५ मध्ये त्यांनीच ‘लँथॅनाइड आकुंचन’ हे नाव दिलं. विरळ मृदा धातू (लँथॅनम आणि त्याच्या पुढचे हे धातू) एकमेकांपासून वेगळे करणं इतकं अवघड का, आणि तरी शक्य का, हे याच छोट्या छोट्या फरकांवर ठरतं.

भार वेगळा असेल तर हिशेब दुसरीकडे जुळवावा लागतो. प्लॅजिओक्लेजमध्ये सोडियमच्या जागी कॅल्शियम आलं की एक धनभार वाढतो. मग शेजारी एका सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम येतं आणि तो कमी करतं. ही जोडबदल लक्षात न घेता नुसत्या त्रिज्या पाहणारे नवशिके इथेच फसतात.

सहनशीलता गुणक कसा काढायचा

१९२६ च्याच कामातलं एक छोटं सूत्र आज गोल्डश्मिट यांच्या नावाने सर्वांत जास्त वापरलं जातं, आणि वापरणारे बहुतेक भूवैज्ञानिक नसतात. पेरॉव्स्काइट ही रचना कॅल्शियम टायटेनेटची. मोठा आयन ‘अ’ बारा ऑक्सिजनांच्या मधे, लहान आयन ‘ब’ सहांच्या मधे. गुणक असा: (अ ची त्रिज्या + ऑक्सिजनची त्रिज्या) भागिले १.४१४ × (ब ची त्रिज्या + ऑक्सिजनची त्रिज्या). उत्तर १ आलं की सगळे आयन नेमके टेकतात.

आजचं शॅनन यांचं १९७६ चं आयनत्रिज्यांचं कोष्टक घेऊ: ऑक्सिजन १.४०, टायटॅनियम ०.६०५, म्हणून खालची बाजू २.८३५. स्ट्राँशियम १.४४ घेतलं तर २.८४ भागिले २.८३५, म्हणजे १.००, स्ट्राँशियम टायटेनेट नेहमीच्या तापमानाला खरंच घनाकार आहे. कॅल्शियम १.३४: उत्तर ०.९७, ‘ब’ भोवतीच्या सहा ऑक्सिजनांचे अष्टफलक थोडे कलतात आणि घनाकार सममिती मोडते. बेरियम १.६१: उत्तर १.०६, पिंजरा ताणला जातो, टायटॅनियम मध्यापासून सरकतं आणि पदार्थाला विद्युत ध्रुवीकरण येतं. कपॅसिटरमध्ये बेरियम टायटेनेट चालतं ते यामुळेच.

चूक होते ती त्रिज्या निवडताना. त्रिज्या शेजाऱ्यांच्या संख्येनुसार बदलते. कॅल्शियमची सहा शेजाऱ्यांची त्रिज्या १.०० आहे, बाराची १.३४. चुकून १.०० घातली तर गुणक ०.८५ येतो आणि एक नेहमीचा पेरॉव्स्काइट कडेचा वाटू लागतो. दुसरी चूक म्हणजे एक आकडा १९२६ च्या कोष्टकातला आणि दुसरा शॅनन यांच्या कोष्टकातला घेणं. दोघांचे ऑक्सिजन वेगळे आहेत, १.३२ आणि १.४०, त्यामुळे बेरीज निरर्थक होते. ऑक्साइडसाठी साधारण ०.८ ते १ च्या थोडं पुढेपर्यंतची उत्तरं चालतात, पण आयोडाइड आणि ब्रोमाइडच्या बाबतीत, म्हणजे ज्यांची सौर विद्युतघटांसाठी आज धडपड आहे त्यांच्या बाबतीत, हा गुणक कमी भरवशाचा ठरतो. २०१९ मध्ये ५७६ ज्ञात संयुगांवर ताडून पाहिलं तेव्हा गोल्डश्मिट यांचा गुणक ७४ टक्के वेळा बरोबर निघाला आणि नवा सुधारित गुणक ९२ टक्के. क्ष-किरण स्फटिकशास्त्राच्या बालपणी बांधलेल्या सूत्राला ७४ टक्के, हे मला थोर वाटतं.

गटिंगन

१९२९ मध्ये ते जर्मनीतल्या गटिंगनला प्राध्यापक म्हणून गेले. तिथे प्रकाशपट विश्लेषण हे मुख्य साधन झालं. कार्बनच्या कांडीला खळगा पाडून त्यात खडकाची पूड भरायची, ती ऋण टोकाला लावून विद्युत कमान पेटवायची आणि त्या टोकालगतच्या प्रखर पट्ट्याचा वर्णपट घ्यायचा. दहा लाखांत काही भाग इतकी सूक्ष्म मूलद्रव्यं यात दिसू लागली. कार्बनच्या कांडीतच बोरॉनची भेसळ असते, ती आधी घालवावी लागते; नाहीतर प्रत्येक नमुन्यात बोरॉन सापडतं. शिवाय सहज उडून जाणारी मूलद्रव्यं पहिल्या काही क्षणांत निघून जातात, म्हणून वर्णपटाचा फोटो टिपणारी काच किती वेळ उघडी ठेवायची हे मूलद्रव्यागणिक ठरवावं लागे. गॅलियम, स्कँडियम, बेरिलियम, बोरॉन यांची खडकांतली सरासरी प्रमाणं अशी पहिल्यांदा नीट कळली. कोळशाच्या राखेत जर्मेनियम साठतं हेही इथेच दिसलं.

कवचाची सरासरी रासायनिक घडण काढायची त्यांची युक्ती मला विशेष आवडते. अमेरिकेत क्लार्क आणि वॉशिंग्टन यांनी ५,१५९ खडकांच्या विश्लेषणांची सरासरी काढली होती. गोल्डश्मिट यांनी दक्षिण नॉर्वेतल्या हिमनदीच्या चिकणमातीचे ७७ नमुने घेतले. हिमनदी मोठ्या प्रदेशातला खडक दळत येते आणि थंडीमुळे रासायनिक झीज फार होत नाही. सरासरी काढायचं काम तिनेच केलेलं असतं. दोन्हीकडे सिलिका सुमारे ५९ टक्के निघाली. फरक दिसला तो चुना आणि सोडा (सोडियमचा ऑक्साइड) यांत: चुना पाचऐवजी तीन टक्के, सोडा जवळपास चारऐवजी दोन. हे दोन्ही पाण्यात विरघळून समुद्राकडे जातात. पद्धत कुठे कमी पडते हेही त्या पद्धतीनेच दाखवून दिलं.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. ज्यूंविरुद्धचा छळ वाढत गेला आणि १९३५ मध्ये गोल्डश्मिट यांनी राजीनामा देऊन वृद्ध वडिलांसह ऑस्लो गाठलं. मालिकेचा नववा भाग १९३८ मध्ये तिथून आला: उल्का, सूर्य आणि खडक यांवरून काढलेली विश्वातल्या मूलद्रव्यांची प्रमाणं. काही विशिष्ट न्यूट्रॉनसंख्या असलेली मूलद्रव्यं अपेक्षेपेक्षा मुबलक दिसत होती. अणुगर्भात कवचं असतात या दहा वर्षांनंतरच्या सिद्धांताला अशा आकड्यांचा आधार मिळाला.

ऑलिव्हीनच्या विटा

पश्चिम नॉर्वेत ऑलिव्हीन खडकाचे डोंगरच्या डोंगर आहेत आणि तेव्हा त्यांचा उपयोग कोणाला माहीत नव्हता. ऑलिव्हीनचं मॅग्नेशियमचं टोक, फॉर्स्टेराइट, सुमारे १,८९० अंश सेल्सिअसला वितळतं. लोहाचं टोक, फायालाइट, १,२०५ ला. नॉर्वेच्या ऑलिव्हीनमध्ये लोह कमी, म्हणून ते भट्टीच्या विटांना योग्य. अडचण होती सर्पेंटाइनची. पाणी शिरून ऑलिव्हीनचं सर्पेंटाइन झालेलं असतं आणि त्यात वजनाच्या १३ टक्के पाणी असतं. तापवल्यावर ते निघून जातं, वीट आकसते आणि तडकते. वर त्यातून एन्स्टाटाइट तयार होतं, जे १,५५७ अंशांच्या सुमारास विघटन पावत वितळू लागतं. गोल्डश्मिट यांचा उपाय सरळ खनिजरसायनातला: मिश्रणात मॅग्नेशिया घालायचं. ते एन्स्टाटाइटशी जुळून त्याचं फॉर्स्टेराइट करतं. हिशेब केला तर १०० किलो सर्पेंटाइनमागे साडेचौदा किलो मॅग्नेशिया लागतं. लोह ऑक्सिडीकरण होऊन सुटतं, त्यालाही जादा मॅग्नेशिया धरून ठेवतं. माल आधी भाजून पाणी घालवायचं, मग दळून वीट दाबायची, हा क्रम चुकवायचा नाही.

आज ऑलिव्हीनची वाळू फाउंड्रीत साच्यांसाठी वापरतात. क्वॉर्ट्झची वाळू ५७३ अंशांना एकदम फुगते, त्याने ओतकामाला भेगा पडतात. ऑलिव्हीन सावकाश आणि सारखं प्रसरण पावतं. शिवाय त्यात मोकळी सिलिका नसल्याने कामगारांना सिलिकोसिसचा धोका फार कमी होतो. स्वतःच्या आणि वडिलांच्या अस्थींसाठी गोल्डश्मिट यांनी कलशही याच हिरव्या दगडाचे करवून घेतले होते.

युद्ध आणि अखेर

एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे व्यापला. ऑक्टोबर १९४२ मध्ये ज्यू पुरुषांची धरपकड झाली, त्यात गोल्डश्मिट होते. त्यांना टन्सबर्गजवळच्या बर्ग छावणीत नेलं. आजारपणामुळे सुटका झाली, पण नोव्हेंबरात पुन्हा अटक झाली. २६ नोव्हेंबरला ‘डोनाउ’ जहाजाने पाचशेहून अधिक ज्यूंना ऑस्लोच्या धक्क्यावरून आउशविट्झच्या वाटेला लावलं. धक्क्यावरच्या त्या रांगेतून त्यांना ऐनवेळी बाजूला काढण्यात आलं, कारण देशाला त्यांच्या ज्ञानाची गरज आहे असा आग्रह सहकाऱ्यांनी धरला होता. जे गेले त्यांतले फार थोडे परतले. डिसेंबरात प्रतिकार चळवळीच्या मदतीने गोल्डश्मिट लपत स्वीडनला पोहोचले आणि मार्च १९४३ मध्ये ब्रिटनला. तिथे ॲबर्डीनच्या मॅकॉले मृदा संशोधन संस्थेत आणि नंतर रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात त्यांनी काम केलं. मातीतली सूक्ष्म मूलद्रव्यं पिकाला कशी मिळतात हा विषय त्यांना नवा नव्हता. आयन कोणत्या खनिजात किती घट्ट बसलाय, त्यावरच ते ठरतं. छावणीतल्या हालांनी प्रकृती मात्र कायमची ढासळली होती. १९४६ मध्ये ते ऑस्लोला परतले आणि २० मार्च १९४७ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, गेले. अपुरं राहिलेलं मोठं पुस्तक ‘जिओकेमिस्ट्री’ ॲलेक्स म्यूर यांनी संपादित करून १९५४ मध्ये प्रसिद्ध केलं.

नियम कुठे तुटतात

त्रिज्या आणि भार यांनी सगळं सुटत नाही, हे पन्नाशीच्या दशकात स्पष्ट झालं. निकेल घ्या. १९२६ च्या कोष्टकात त्याची आणि मॅग्नेशियमची त्रिज्या सारखीच, ०.७८. नियमाप्रमाणे दोघांनी बरोबरीने ऑलिव्हीनमध्ये जायला हवं. प्रत्यक्षात निकेल खूप उत्साहाने ऑलिव्हीनमध्ये घुसतं आणि उरलेला शिलारस निकेलला पारखा होतो. सह्याद्रीतल्या बहुतेक बेसाल्टमध्ये निकेल कमी आहे त्याचंही कारण हेच: तो लाव्हा वर येताना वाटेत ऑलिव्हीन खाली टाकून आला आहे. निकेलच्या बाह्य इलेक्ट्रॉनांना सहा ऑक्सिजनांच्या मधली जागा ऊर्जेच्या दृष्टीने जास्त सोयीची पडते, हे स्पष्टीकरण साठच्या दशकात आलं. जस्त आणि तांबं यांच्यात बंधाचा सहसंयुज वाटा मोठा, म्हणून रिंगवुड यांनी १९५५ मध्ये विद्युतऋणतेची (अणूच्या इलेक्ट्रॉन ओढण्याच्या क्षमतेची) दुरुस्ती सुचवली. १९९४ मध्ये ब्लंडी आणि वुड यांनी स्फटिकातली जागा किती ताठ आहे हेही गणितात घेतलं. तिथे त्रिज्येचा फरक हाच मुख्य चल राहिला, फक्त १५ टक्क्यांच्या ठोकताळ्याऐवजी नेमकं समीकरण आलं.

शोध घेणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. हायडेलबर्गचे स्फटिकशास्त्रज्ञ व्हिक्टर मोर्देखाय गोल्डश्मिट (१८५३ ते १९३३) हे वेगळे गृहस्थ. स्फटिकांच्या बाह्य आकारांचे मोठे चित्रसंग्रह त्यांचे आहेत. जुन्या संदर्भांत दोघेही ‘व्ही. गोल्डश्मिट’ म्हणून येतात, म्हणून मधलं आद्याक्षर आणि साल पाहावं. गोल्डश्मिटाइट या खनिजनावाचंही तसंच: एकोणिसाव्या शतकातलं त्या नावाचं खनिज म्हणजे सिल्व्हेनाइटच ठरलं आणि नाव रद्द झालं. २०१८ मध्ये मान्य झालेलं गोल्डश्मिटाइट दक्षिण आफ्रिकेतल्या कॉफीफॉन्टेनच्या हिऱ्यात अडकलेलं सापडलं. त्यात पोटॅशियम आणि नायोबियम मुख्य आहेत, रचना पेरॉव्स्काइटची आहे आणि नाव या लेखातल्या गोल्डश्मिट यांचं आहे.